पूल टाळून फेरीबोटीनं किती दिवस जाणार?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ३६ वर्षांची, म्हापशाला राहते. पणजीत एका खासगी ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. जुलैत एका सकाळी धो धो पाऊस होता आणि आमचं शटल मांडवीच्या पुलावर अडकलं. अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, गळा आवळल्यासारखा झाला. वाटलं, संपलं आता. दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळं-पानांच्या मांडणीचं) सामान घ्यायला गेले तर म्हापशाच्या बाजारात गर्दीत पुन्हा तेच झालं. १९८६ साली जुना पूल कोसळला होता हे घरात लहानपणापासून ऐकलंय, ते आता सारखं डोक्यात येतं. त्यामुळे मी पुलाच्या अलीकडे उतरते, बेतीच्या धक्क्यापर्यंत चालत जाते आणि फेरीबोटीनं पणजीला पोचते. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागतो. संध्याकाळी घरी आल्यावर नऊ वर्षांच्या मुलावर ओरडते आणि रात्री रडत बसते. माइंडफुलनेसचं एक अ‍ॅप घेतलं, रोज रात्री २० मिनिटं बसते, पण मन कोरं होत नाही आणि श्वासाकडे लक्ष दिलं की छाती उलट जास्तच भरून येते. दिवसाला पाच-सहा चहा होतात. कधीकधी जावेची झोपेची गोळी अर्धी घेते. सासूबाई म्हणतात, राखणदाराला (गावाच्या रक्षक दैवताला) गाऱ्हाणं घालूया. नवरा म्हणतो, तुला काही झालेलं नाही, मनावर घेऊ नकोस. मी एवढी कमकुवत कशी झाले?

ताई,

कमकुवतपणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, त्याचं उत्तर आधी देतो. तुम्ही कमकुवत नाही. पुलावर जे झालं त्याचं वर्णन पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी, तंतोतंत जुळतं. तो धडधाकट, कामसू, घरदार नेटानं सांभाळणाऱ्या माणसांनाही येतो. पत्र वाचताना आम्हाला त्या अटॅकपेक्षा फेरीबोटीची काळजी जास्त वाटली. अटॅक काही मिनिटांत उतरतो. फेरीबोट मात्र रोज सकाळी भीतीला खतपाणी घालते. आणि रात्रीची तुमची ती २० मिनिटंही सध्या त्याच कामाला लागली आहेत. ते कसं, हे समजलं की पुढचं बरंच सोपं होईल.

त्या सकाळी शरीरात काय झालं ते आधी पाहू. धोका आहे असं मेंदूनं ठरवलं की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. पळायचं असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण तुम्ही सीटवर बसून होता. श्वास वाढला आणि शरीराची गरज मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. नसा चटकन उत्तेजित होतात, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. छातीचे स्नायू भराभर ओढून ओढून दमतात, म्हणून छाती आवळते. हवा पुरत नाही असं वाटत असतं तेव्हा खरं तर ती गरजेपेक्षा जास्तच आत जात असते. अशा वेळी शेजारचं माणूस काळजीनं सांगतं, ‘मोठा श्वास घ्या’, आणि त्यानं त्रास वाढतो. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय तर करूच नका. खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो.

चक्कर येऊन पडेन, ही भीती बहुतेकांना वाटते. अटॅकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, आणि माणूस बेशुद्ध पडतो तो रक्तदाब उतरल्यामुळे. म्हणून अशा वेळी पडणं क्वचितच होतं. अटॅक मांडवीच्या भरतीसारखा असतो, चढतो, एका टोकाला थांबतो आणि मग उतरतोच. फरक इतकाच की हे सगळं साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतं आणि अर्ध्या तासात बरंचसं ओसरतं. तुम्ही काहीही केलं नाहीत तरी ओसरतं.

ईसीजी झाला हे चांगलं. पण एकदा फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि रक्तातली साखर तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड आणि हातांची थरथर होते, आणि त्यावर ध्यानाचा काही उपयोग नाही. पुढे कधी जिना चढताना किंवा भराभर चालताना छातीत दुखलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम सुटला, तर पॅनिक असेल म्हणून घरी थांबू नका. सरळ १०८ ला फोन करा.

आता फेरीबोट. पुलाच्या अलीकडे उतरलात की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून एक धडा घेतो, ‘पूल धोक्याचा होता, उतरलो म्हणून वाचलो.’ पूल ओलांडूनही काही होत नाही, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी भीती तेवढीच किंवा थोडी वाढलेली असते. मग ती बाजारात येते, पुढे लिफ्टमध्ये येते, देवळातल्या गर्दीत येते. ही टाळाटाळ वेगवेगळ्या रूपांत असते. बसमध्ये दाराजवळचीच सीट धरणं, पाण्याची बाटली मुठीत घट्ट ठेवणं, पूल येईपर्यंत नवऱ्याशी फोनवर बोलत राहणं, पर्समध्ये ती अर्धी गोळी असल्याची खात्री करणं. तुम्ही यांतलं काही लिहिलेलं नाही, पण आठवून बघा. यांतली एक तरी सवय बहुतेकांना असते.

रात्रीचं ध्यानही तुम्ही नेमकं असंच करत आहात. भीती जावी म्हणून बसता. दर दोन मिनिटांनी आत डोकावून बघता, कमी झाली का? ती तपासणी म्हणजेच मेंदूला ‘धोका अजून आहे, लक्ष ठेव’ असा निरोप. माइंडफुलनेसचा आजचा आठ आठवड्यांचा क्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला. तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखणी असलेले, औषधांनी फारसा फरक न पडलेले बरेच रुग्ण होते. दुखणं घालवण्याचा वायदा त्यांना कुणी केला नव्हता. दुखणं आहे तिथे त्याच्याकडे बघायचं, त्याच्याशी झगडण्यात जाणारी ताकद वाचवायची आणि हातातलं काम करायचं, एवढंच शिकवलं जायचं. मन कोरं करणं हा त्या शिकवणुकीचा भाग कधीच नव्हता. मन भटकलं, ते लक्षात आलं, परत आणलं, हाच व्यायाम. २० मिनिटांत ४० वेळा भटकलं आणि ४० वेळा परत आणलंत तर ती बैठक उत्तम झाली.

श्वासावर लक्ष दिलं की छाती भरून येते, तेही साहजिक आहे. ज्याला श्वासाचीच भीती बसली आहे त्याला श्वासावर लक्ष ठेवायला सांगणं ही अ‍ॅपची चूक, तुमची नव्हे. अ‍ॅप काढून टाका. पुढचा महिनाभर श्वासाऐवजी पायांच्या तळव्यांवर लक्ष ठेवायचं. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा विचार मनात असेल तर तोही सध्या बाजूला ठेवा. दहा दिवस मौन आणि दिवसाकाठी दहा तास बसणं अटॅकच्या दिवसांत अनेकांना झेपत नाही. पुढे कधी गेलात तर अर्जात हा त्रास लपवू नका.

सध्या करायचं ते असं. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं. सकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाला की तिथेच उभं राहून, आणि ऑफिसात खुर्चीवर बसलात की कॉम्प्युटर चालू करायच्या आधी. डोळे उघडे ठेवले तरी चालतील. पहिलं मिनिट स्वतःला विचारायचं, आत्ता काय चाललंय? उत्तर मनातल्या मनात शब्दांत द्यायचं: ‘उशीर होईल असा विचार आहे. भीती आहे, दहापैकी पाच. पोटात गोळा आहे, खांदे वर चढले आहेत.’ बदलायचं काही नाही, नोंद करायची. दुसरं मिनिट पूर्ण लक्ष तळव्यांवर. टाच, अंगठा, फरशीचा गारवा, चपलेचा पट्टा जिथे घासतो ती जागा. तिसऱ्या मिनिटात लक्ष हळूहळू सगळ्या शरीरावर, आणि मग बाहेरच्या आवाजांवर पसरू द्यायचं. झालं, उठून कामाला लागा. बरं वाटलं की नाही हे तपासायचं नाही. बरं वाटलं तर ठीक, नाही वाटलं तरी व्यायाम झालेला आहे.

याच्या जोडीला रोजचं एक काम निवडा आणि ते लक्ष देऊन करा. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) नारळ खवणं यासाठी फार चांगलं. पातं खोबऱ्याला लागल्याचा आवाज कडेला वेगळा येतो आणि मध्यावर वेगळा. वाटी फिरवताना मनगट कुठे वळतं, पांढरं संपून तपकिरी साल दिसायला लागल्यावर हात कुठे थांबतो, ओल्या खोबऱ्याचा वास केव्हा येतो. मन ऑफिसात गेलं की साल खोबऱ्यात उतरते, त्यामुळे भटकल्याचं लगेच कळतंही. एका वाटीला दोन-तीन मिनिटं लागतात. अशा कामातून शिकलेलं लक्ष बसमध्ये जास्त उपयोगी पडतं. कारण तिथेही डोळे उघडे असतात, हात कुठे तरी धरलेले असतात आणि आजूबाजूला गोंगाट असतो.

श्वासाचा सराव वेगळा ठेवा आणि दहा-बारा दिवसांनी सुरू करा. रात्री अंथरुणावर पडून, एक हात पोटावर. नाकानं चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, पाच मिनिटं पुरे. बाहेर सोडण्याचा वेळ आत घेण्यापेक्षा जास्त, एवढंच महत्त्वाचं. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, त्याचा हा उपयोग आहे. आत घेताना पोट भरून ओढू नका, नेहमीपेक्षा थोडा लहानच घ्या. गरगरलं तर समजा की ओढताय, आकडे सोडून द्या आणि साधा श्वास चालू दे.

एक छोटी वही करा, चार रकान्यांची: वेळ, शरीरात कुठे, काय वाटलं, पुढे काय केलं. एका प्रसंगाला एक ओळ. ‘६.५०, जबडा, कानशिलं गरम, राग आणि खाली थकवा, ओरडले.’ यापेक्षा जास्त लिहू नका. पानंच्या पानं लिहिली की तेच तेच मनात घोळवणं होतं आणि झोप जाते. दोन आठवड्यांत वहीत एखादी ठरावीक वेळ किंवा जागा नजरेत भरेल.

आमचा अंदाज, तुमच्या वहीत संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ भरून निघेल. दुपारी एकला जेवण, मग फक्त चहा, वर दीड तासाचा प्रवास, आणि दारात पाऊल ठेवताच गृहपाठाची वही. उपाशी आणि दमलेल्या शरीराला राग पटकन येतो. घरी आलात की हातपाय धुवा, काही तरी खा, पोळी असो की उंडा असो, आणि मगच मुलाजवळ बसा. ही १५ मिनिटं घरातल्यांकडून मागून घ्या. सासूबाई घरी आहेत, त्या नाही म्हणणार नाहीत.

तरीही राग चढेल. तो चढताना शरीरात आधी खुणा दिसतात आणि त्या माणसागणिक वेगळ्या असतात. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचं बोलणं भरभर होतं. वहीतून तुमची खूण सापडेल. ती दिसली की आवाज चढण्यापूर्वी काही सेकंद हातात असतात. तेवढ्यात उभ्या असाल तर बसा, बसला असाल तर पाठ टेका आणि मुलाला सांगा, ‘मला राग येतोय, मी पाच मिनिटांत येते.’ आणि पाच मिनिटांत खरंच परत या, नाहीतर मुलाच्या मनात राग म्हणजे आईचं निघून जाणं असं बसतं. ओरडून झालं असेल तर त्याच संध्याकाळी एका वाक्यात सांगा, ‘मी ओरडले, ते बरोबर नव्हतं.’ ‘पण तूच उशीर केलास’ हे मागे जोडू नका. त्याच्यासमोर रडू नका, कारण नऊ वर्षांचा मुलगा मग आईची समजूत घालायला लागतो आणि ते ओझं त्याच्या वयाचं नाही. एवढं केल्यावर रात्रीच्या अपराधी वाटण्याला करण्यासारखं काही उरत नाही. तरी ते आलं तर बाकीच्या भावनांसारखीच नोंद करा: ‘अपराधीपणा आहे, छातीत, दहापैकी सात.’ आणि झोपा.

आता पुलाकडे वळू. हा भाग सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फळ देणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोप्यापासून अवघडाकडे सहा-सात पायऱ्या करा आणि प्रत्येकीला दहापैकी भीतीचा आकडा द्या. उदाहरणार्थ, पहिली पायरी: रविवारी बेतीच्या धक्क्यावर अर्धा तास थांबून पुलाकडे आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचं. दुसरी: नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून सकाळी लवकर पूल ओलांडायचा. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा त्याच्या शेजारच्या पुलावरून. तिसरी: सुट्टीच्या दिवशी दुपारी नवऱ्यासोबत बसनं. चौथी: त्याच बसमध्ये, पण तो मागे आणि तुम्ही पुढे. पाचवी: एकट्या, दुपारच्या रिकाम्या बसमध्ये. सहावी: एकट्या, दारापासून लांबच्या सीटवर, फोन पर्समध्ये. सातवी: सोमवारी सकाळी नऊच्या गर्दीत, पर्वरीच्या कोंडीसकट.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. रस्ता मोकळा असेल तर बस तो पूल दोन-तीन मिनिटांत ओलांडते. भीती टोकाला असतानाच पूल संपतो, आणि मेंदू पुन्हा ‘सुटलो’ एवढंच शिकतो. म्हणून एकदा जाऊन थांबायचं नाही. पणजीच्या कदंब स्टँडवर उतरून लगेच पर्वरीपर्यंत परत, पुन्हा पणजी, अशा तीन-चार फेऱ्या एका बैठकीत करायच्या. आठवड्यातून किमान चार दिवस. एखादी पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची.

निघण्यापूर्वी वहीत भाकीत लिहा: ‘मी बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.’ परत आल्यावर त्याच्यासमोर काय झालं ते लिहा: ‘भीती आठपर्यंत गेली, हात थरथरले, पडले नाही.’ मेंदूला पटतं ते या दोन ओळींमधल्या फरकामुळे, शांत वाटल्यामुळे नव्हे. भीती जराही न उतरता पूल पार केलात तरी ती फेरी यशस्वीच.

पुलावर असताना लक्ष कुठे ठेवायचं? तळवे बसच्या फरशीवर. हातात धरलेल्या दांडीचा थंडपणा. कंडक्टरचा आवाज. खाली नदीत उभ्या कॅसिनोच्या बोटी. डोळे मिटून नामजप, सीटवर आकडे मोजणं, मोबाइलमध्ये डोकं खुपसणं, हे नको. नामाला आमचा विरोध नाही, ते घरी जरूर घ्या. पण पुलावर ते डोळ्यांवरचा पडदा होतं आणि पूल न बघताच पार होतो. धडधड सुरू झाली तर मनात म्हणा, ‘आली आहे, टोकाला जाईल, उतरेल,’ आणि सीटवर बसून राहा. मध्येच उतरावं लागलं, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एक पायरी खाली येऊन पुन्हा जा. आठवडा मध्ये गेला की भीती पुन्हा घट्ट बसते. बाजाराचंही असंच. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी फार गर्दी असते, तेव्हा सुरुवात मंगळवारच्या सकाळपासून करा.

१९८६ चं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. त्या वर्षी जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल पडला. आज उभे असलेले तिन्ही पूल त्यानंतर बांधलेले आहेत. हे आम्ही एकदाच सांगतो, आणि तुम्हीही नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर शोधू नका. पहिल्या वेळेला ती माहिती असते, तिसऱ्या वेळेला ती फेरीबोट होते. विचार आला की एवढंच: ‘पूल पडेल असा विचार आला.’ त्याच्याशी वाद घालू नका. विचार आणि तुम्ही दोघंही त्याच बसनं पणजीला पोचाल.

दिवसभर डोकं पोखरणाऱ्या इतर चिंतांसाठी एक वेळ ठरवा. रात्री साडेआठला, जेवणाच्या टेबलाशी, १५ मिनिटं. अंथरुणात नाही. दिवसा चिंता आली तर एक शब्द कागदावर टिपा आणि तिला साडेआठची वेळ द्या. साडेआठला प्रत्येक शब्दापुढे लिहा: यावर उद्या मला काही करता येईल का? येत असेल तर काय आणि किती वाजता. येत नसेल तर रेघ मारा. पहिले काही दिवस चिंता वेळ पाळणार नाहीत, परत परत टिपाव्या लागतील. तरी सोडू नका.

चहा पाच-सहा कपांवरून आठवड्याभरात दोनवर आणा, एकेक कप कमी करत. एकदम सोडलात तर डोकं दुखेल. दुपारी तीननंतर नको. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात आणि त्याची धडधड अटॅकसारखीच वाटते.

जावेची गोळी मात्र आजपासून बंद, हे आम्ही ठामपणे सांगतो. झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम जातीच्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते. शिवाय गोळी घेऊन पूल ओलांडलात तर श्रेय गोळीला जातं आणि शिकणं शून्य. अधूनमधून म्हणता ते खरोखर अधूनमधून असेल तर थांबवायला हरकत नाही. रोजची किंवा जवळपास रोजची झाली असेल तर एकदम थांबवू नका, ते धोक्याचं आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते हळूहळू कमी करून देतील.

सासूबाईंनी गाऱ्हाण्याचं सुचवलं ते प्रेमानं. घाला, नारळ ठेवा, त्यांच्यासोबत उभ्या राहा. घरातली माणसं आपल्या पाठीशी उभी आहेत याचा आधार खरा असतो. फक्त रक्ततपासणी आणि पुलाच्या पायऱ्या राखणदारावर सोपवू नका. नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. ‘काही झालेलं नाही’ याऐवजी त्यांनी ‘आता किती आहे, दहापैकी?’ एवढंच विचारावं, उत्तर ऐकावं आणि स्कूटर पुढे न्यावी. ‘परत फिरूया का?’ हे त्यांनी स्वतःहून विचारू नये.

सहा ते आठ आठवडे हे नेमानं करूनही फेरीबोट सुटली नाही, आठवड्यात तीन-चार अटॅक यायला लागले, झोप किंवा भूक गेली, तर बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेच्या, म्हणजे आयपीएचबीच्या, ओपीडीत जा. मेंदूचं मोठं काही झालं तरच तिथे जायचं असा गोव्यात अजून समज आहे, तो सोडा. अशा त्रासावर १२ ते १६ बैठकांची बोलून करायची उपचारपद्धती आहे, आणि लागलीच तर सवय न लागणारी औषधंही आहेत. त्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढू शकते. हे ठाऊक नसल्यानं अनेकजण चौथ्या दिवशीच गोळी सोडतात. मोठे डॉक्टर लगेच भेटले नाहीत म्हणून थांबू नका. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक अभ्यास आहे. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या मदतीनं सरकारी केंद्रांत येणाऱ्या चिंता-नैराश्याच्या रुग्णांना फायदा झाला, असं त्यात दिसलं. जगणं नको असा विचार कधीही आला, तर आठवडे मोजू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ओपीडीत जाताना ती चार रकान्यांची वही आणि तपासण्यांचे कागद बरोबर न्या, आणि अर्ध्या गोळीचं नाव एका कागदावर लिहून घ्या. पहिल्या भेटीत हे तीन कागद समोर ठेवलेत की अर्धं बोलणं वाचतं.